वास्तव : तपशिलाचे आणि घाटाचे

दूरचित्रवाणीवरील वैद्यकीय मालिकेची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी थांबते : दाखवले ते खरे आहे काय? शिकागोतील एका काल्पनिक सार्वजनिक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घडणाऱ्या 'ई.आर.' (१९९४–२००९) या अमेरिकन मालिकेबाबत तर या प्रश्नाला शास्त्रीय प्रतिष्ठाही लाभली. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील एका अभ्यासाने तिच्यासह तीन कार्यक्रमांतील, बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रसंग मोजले. त्यांत ७५ टक्के रुग्ण तत्काळ तरी वाचले होते. प्रत्यक्षात इतके वाचत नाहीत. वैद्यकाला ही मोजणी आवश्यकच होती. समीक्षेने मात्र तीच आपली कसोटी मानणे म्हणजे तपशिलाची अचूकता आणि कलाकृतीची वास्तवता या दोन भिन्न कोटींची गल्लत करणे होय.

दुसरा आक्षेप वरकरणी अधिक वाङ्मयीन आहे. रुग्ण येतात, जातात, त्यांच्या कथा अपुऱ्या राहतात; म्हणून मालिका उथळ! या आक्षेपामागे अन्वितीची जुनी कल्पना उभी आहे. पहिल्या पर्वातील 'लव्ह्ज लेबर लॉस्ट' (१९९५) या भागाला लेखन व दिग्दर्शन या दोहोंसाठी एमी पुरस्कार मिळाले, ते या संदर्भात लक्षणीय ठरते. डॉ. मार्क ग्रीन यांचे निदान चुकते आणि बाळंतीण दगावते : एक रुग्ण, एक प्रमाद, एक शोकान्त. मालिकेने आपले मालिकापण बाजूला ठेवले, तेव्हाच तिचा सर्वाधिक गौरव व्हावा, हे अर्थपूर्ण आहे.

वस्तुतः अपुरेपणा हाच या घाटाचा आशय आहे. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने मेडिकेअर योजनेत सहभागी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांवर एक बंधन घातले : आलेल्या माणसाची ऐपत न पाहता त्याला तपासावे आणि त्याची प्रकृती स्थिर करावी, अथवा त्याला योग्य ठिकाणी हलवावे. बरे करण्याचे बंधन त्यात नाही. प्रकृती स्थिरावली की कायद्याचे दायित्व संपते. रुग्णाची कथाही बहुधा तेथेच संपते. कथनाचे एकक येथे समाजव्यवस्थेने ठरवले आहे.

आक्षेप घ्यायचाच तर तो कथनकालाच्या वाटपावर घ्यावा. रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. डॉक्टरांना विवाह, घटस्फोट, अपत्ये, सारे काही मिळते. डॉ. ग्रीनच्या मृत्यूसाठी २००२ मध्ये मालिका रुग्णालय सोडून हवाई बेटांवर गेली. दार सर्वांना खुले, पण सविस्तर मरण नायकाला! २०२५ मधील 'द पिट'च्या पहिल्या पर्वात एकाच पाळीतील पंधरा तासांचे पंधरा भाग आहेत. तेथे बाहेर ताटकळणारा रुग्णही भागामागून भाग दिसत राहतो. वाटप थोडे बदलते, केंद्रस्थानी डॉक्टरच राहतो.

कोणाची कथा पुरी होते आणि कोणाची तोडली जाते, हे विचारल्याविना या मालिकांच्या वास्तववादाविषयी समीक्षेने निर्णय देऊ नये.