उभयपदी इंजिन

गेल्या महिन्यात आमच्या हातून एक अपराध घडला. आमचा चि. पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात असतो. सुट्टीत तो सहकुटुंब आला, तेव्हा त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाने आगगाडीच्या इंजिनाची एक प्रतिकृती पेटीत जपून आणली होती. दुपारी सर्व मंडळी वामकुक्षीत असता आम्ही ती न्याहाळू लागलो, तो उपरण्याचे टोक अडकून टपावरील पॅन्टोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा बाहू, मोडला. ज्या मास्तराने जन्मभर मुलांना 'वस्तू जपून हाताळा' म्हणून दटावले, त्याने तो तुकडा मुकाट्याने पंचांगाखाली सरकविला!

वस्तू मात्र खरोखर पाहण्याजोगी. मूळ इंजिनाचे नाव एएलपी-४५डीपी. ते बम्बार्डिअर कंपनीने बांधले व २०११ पासून न्यू जर्सीत येऊ लागले. लांबी सुमारे २१.८ मीटर, वजन सुमारे १३० टन. पोटात प्रत्येकी २१०० अश्वशक्तीची दोन डिझेल यंत्रे, आणि शिवाय तारेवरील विजेवर चालण्याची सोय. आम्हांस तत्काळ संस्कृतातील उभयपदी धातू आठवले. आपल्या पोटातील तेलावर चालते तेव्हा हे इंजिन आत्मनेपदी, परक्याच्या तारेवर चालते तेव्हा परस्मैपदी. (फळ कोणास मिळते हा विचार येथे जुळत नाही, हे आम्ही जाणतो, वैयाकरणांनी क्षमा करावी.)

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. १९०२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू बोगद्यात धूर व वाफ यांमुळे सिग्नल न दिसून दोन गाड्यांची टक्कर झाली व १५ माणसे दगावली. पुढे कायदा होऊन १९०८ पासून शहराच्या मुख्य भागात वाफेची इंजिने बंद झाली. हडसन नदीखालचे बोगदे १९१० मध्ये खुले झाले ते विजेच्या गाड्यांसाठीच. परंतु नदीपलीकडच्या रॅरिटन व्हॅलीच्या मार्गावर तार नाही. तेव्हा तिकडच्या उतारूंनी न्यूअर्कला उतरावे व दुसरी गाडी धरावी, असा क्रम पडला. उभयपदी इंजिन न्यूअर्कपर्यंत डिझेलवर येते, तेथे बाहू वर करते आणि थेट न्यूयॉर्कात शिरते. २०१४ च्या मार्चपासून अशा काही फेऱ्या सुरू झाल्या, पण त्या गर्दीची वेळ टाळून; कारण बोगदे दोनच आणि प्रत्येकात रूळमार्ग एकेकच. आमचा पुतण्या जातो-येतो नेमका गर्दीत. त्यास न्यूअर्कला उतरणे चुकत नाही, आणि जोडगाडी हुकली की घरी पोचेपर्यंत मुलगा झोपी गेलेला असतो.

प्रतिकृतीचे प्रमाण एकास ८७. रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर, लांबी एक वीतभर. वजनही ८७ पट कमी, असे उत्तर आमच्या वर्गातील निम्म्या मुलांनी दिले असते! वजनास ८७ चा घन घ्यावा लागतो, म्हणजे १३० टनांचे जेमतेम २०० ग्रॅम होतात. चाकांनी रूळ धरावा म्हणून आत धातूचा ठोकळा घालतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती याहून जड भरते. प्रत्येक इंजिनास स्वतःचा क्रमांक असतो. रुळांतून हुकूम गेला की ज्याचा क्रमांक तेच हलते, जणू वर्गातील हजेरी. मौज ही की, या उभयपदी प्रतिकृतीत दोन्ही पदे खोटी. डिझेलचा नुसता आवाज, आणि बाहू नुसता शोभेचा. खरी वीज येते रुळांतून.

हे शेवटचे ज्ञान आम्हांस तिसऱ्या दिवशी झाले, अपराध कबूल केल्यावर. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, गाडी चालेल. पण हा हात वर झाला की बाबांना उतरावं लागत नाही, म्हणून मला तो आवडायचा."

रात्री त्याने चिमटा व डिंकासारखे काही औषध काढले. आमचा हात कापतो हे पाहून आम्हांस फक्त दिवा धरावयास सांगितले. सांधा जुळला, पण बिजागरी गेली.

"आता हा खाली येणार नाही रे बाळ," आम्ही म्हणालो.

"वरच असू दे," तो म्हणाला.