पदवी आहे, सातबारा नाही

कृषी पदवीधर शेती सोडून स्पर्धा परीक्षांमागे धावतात, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आक्षेप वस्तुस्थितीची एकच बाजू पाहतो. पश्चिम महाराष्ट्र व कोकणास लागू असलेल्या 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार, जी व्यक्ती शेतकरी वा शेतमजूर नाही तिला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून व्यवहारात मागितला जातो तो सातबारा, म्हणजे जमिनीची मालकी व पिकांची नोंद दाखवणारा उतारा, राहुरी वा दापोलीच्या विद्यापीठाची पदवी नव्हे. भूमिहीन कुटुंबातील पदवीधराने तोंडी खंडाने जमीन कसली, तरी उताऱ्यावर नाव नसल्याने पीककर्ज सहसा मूळ मालकालाच मिळते. पत्रलेखकाने सुचवलेली, 2002 साली सुरू झालेली केंद्राची कृषी चिकित्सालय योजना उपयुक्त आहे खरी, परंतु तिचा मुख्य हेतू इतर शेतकऱ्यांना सल्ला व सेवा पुरवण्याचा आहे. रोपवाटिकेसारखा दहा-वीस गुंठ्यांत (40 गुंठे म्हणजे 1 एकर) बसणारा व्यवसाय तुलनेने सुकर असला, तरी त्यालाही बारमाही पाणी आणि लेखी भाडेपट्टा लागतोच, व तो करून देण्यास, कुळाचा हक्क लागेल या जुन्या धास्तीने, जमीनमालक क्वचितच राजी होतात.