आकडे खुले, अफवांना आळा

जपानमधील फुकुशिमा अणुऊर्जा प्रकल्पाला मार्च २०११ मध्ये भीषण अपघात झाला, तेव्हा सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील हाँगकाँगमध्ये मिठासाठी झुंबड उडाली. आयोडीनयुक्त मिठामुळे किरणोत्सर्गापासून बचाव होतो, अशी अफवा पसरली होती. वस्तुतः अशा मिठातील आयोडीनचे प्रमाण इतके अल्प असते, की त्याचा या कामी काहीही उपयोग नसतो. महिनाअखेरीस हाँगकाँग वेधशाळेला हवेच्या नमुन्यात आयोडीन-१३१ चा अंश खरोखरच आढळला. तो लपविण्यात आला नाही. प्रमाण अत्यल्प असून आरोग्यास धोका नसल्याचे जाहीर करण्यात आले. हे इतक्या ठामपणे सांगता आले, ते दोन तपांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच.

हवामान खात्याने किरणोत्सर्गही मोजावा, हे वरकरणी विचित्र वाटते. मात्र किरणोत्सर्गी कण वाऱ्याबरोबर वाहतात आणि पावसाबरोबर जमिनीवर येतात. ते कोठे पोहोचतील, याचा अंदाज हवामानतज्ज्ञच बांधू शकतात. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेवर ही जबाबदारी आली, ती शेजारच्या दाया बे अणुऊर्जा प्रकल्पामुळे. शहराच्या मध्यवर्ती भागापासून हा चिनी प्रकल्प सुमारे ५० किलोमीटरवर आहे. चेर्नोबिलच्या अपघातानंतर १९८६ मध्ये त्याच्या विरोधातील निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. प्रकल्प थांबला नाही; पण तो १९९४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू होण्याच्या कितीतरी आधी, १९८७ पासूनच हवा, माती, पाणी आणि खाद्यपदार्थांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाची मोजणी वेधशाळेने हाती घेतली.

आधारभूत नोंदीचे मोल

हीच दूरदृष्टी पुढे उपयोगी पडली. हाँगकाँगमधील गॅमा किरणोत्सर्गाची पातळी एरवी ताशी ०.०६ ते ०.३० मायक्रोसिव्हर्टदरम्यान असते. ग्रॅनाइटच्या खडकांमुळे ती जागोजागी बदलते. पाऊस पडला, की हवेतील रेडॉनपासून तयार झालेले कण खाली येऊन ती काही काळ वाढते. हे चढउतार ठाऊक नसतील, तर साधी सरही संकटाची सूचना वाटेल. आज १२ स्वयंचलित केंद्रांवर ही मोजणी अहोरात्र चालते. त्यांपैकी पिंग चाऊ बेटावरील केंद्र दाया बेपासून जेमतेम १२ किलोमीटरवर आहे. केंद्रांवरील आकडे नागरिकांना वेधशाळेच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

मे २०१० मध्ये दाया बे येथील इंधनकांडीतून किरकोळ गळती झाली आणि ती बाब जूनमध्ये वृत्तपत्रांतून उघड झाली. गळती अणुभट्टीच्या बंदिस्त यंत्रणेतच राहिली होती; तरीही माहिती देण्यास झालेल्या विलंबामुळे संताप उसळला. अशा वेळी प्रकल्पचालकांच्या खुलाशाखेरीज स्वतंत्र नोंदी उपलब्ध होत्या आणि त्यांत वाढ दिसत नव्हती, हे महत्त्वाचे ठरले.

गल्लीतले तापमान

हाच न्याय उष्म्यालाही लागू पडतो. उंच इमारती दिवसभर उष्णता साठवतात, अरुंद गल्ल्यांतून ती रात्री आकाशाकडे परत जात नाही, वातानुकूलन यंत्रे त्यात भर घालतात. वेधशाळेच्या नोंदीनुसार २०२१ मध्ये हाँगकाँगमध्ये ६१ रात्री पारा २८ अंशांखाली उतरला नाही. परंतु एका केंद्रावरचा आकडा साऱ्या शहराची कहाणी सांगू शकत नाही. म्हणून २००७ पासून शाळांच्या आवारांतही हवामानयंत्रे बसवून जाळे विस्तारण्यात आले.

पुढचा टप्पा संवेदक बसविलेल्या ‘स्मार्ट’ दिव्यांच्या खांबांचा. त्यांचे काम हवामान आणि वाहतुकीची माहिती गोळा करण्याचे असल्याचे सरकार सांगत होते. ऑगस्ट २०१९ मधील आंदोलनात मात्र पाळत ठेवली जात असल्याच्या संशयावरून काही खांबांची मोडतोड झाली. यंत्र काय मोजते यावर लोकांचा विश्वास नसेल, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते, हा त्याचा अर्थ.

मुंबईकरांना हे नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यात तो सुमारे ७३ मिलिमीटर होता. आपल्याकडे हवामान भारतीय हवामान विभाग पाहतो, तर किरणोत्सर्ग मोजण्याचे देशव्यापी जाळे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले आहे. व्यवस्था एक असावी की दोन, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या विभागातला नेहमीचा आकडा किती, हे सामान्य नागरिकाला शांततेच्या काळातच कळायला हवे. संकटाच्या दिवशी प्रथमच ऐकलेला आकडा, तो कितीही खरा असला तरी, धीर देऊ शकत नाही.