आपणच परीक्षार्थी, आपणच परीक्षक!

विमान एकाने चालवावे आणि ते उड्डाणास योग्य असल्याचा निर्वाळा दुसऱ्याने द्यावा, ही विमानविद्येतील जुनी व शहाणपणाची रीत होय. अमेरिकेने 2004 साली हलक्या क्रीडा-विमानांपुरता तिला अपवाद केला. 600 किलोंपर्यंत वजनाचे, दोन आसनांचे विमान ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदविलेले असले, तर त्याच्या मालकाने 16 तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा, परीक्षा द्यावी आणि रिपेअरमन प्रमाणपत्र घ्यावे. मग दर बारा महिन्यांची सक्तीची तपासणी त्याने स्वतःच करावी व नोंदवहीत स्वतःच सही ठोकावी! सोळा तास म्हणजे एक शनिवार आणि एक रविवार. पूर्ण अर्हतेच्या यंत्रज्ञाला तेथे मान्य विद्यालयातील शिक्षण तरी घ्यावे लागते, नाहीतर 30 महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव तरी दाखवावा लागतो.

आम्ही काही वर्षे शाळेत खडू झिजविलेला असल्यामुळे, विद्यार्थ्याने आपलाच पेपर तपासावा ही कल्पना आम्हांस प्रथमदर्शनी रुचत नाही. तथापि, या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. जो माणूस सिलिंडरचा दाब मोजतो, सुकाणूच्या तारा बोटांनी चाचपतो, तेलाची गाळणी कापून तीत धातूचे कण शोधतो, त्यालाच उद्या सकाळी त्या यंत्रात बसून जमीन सोडावयाची आहे. एवढी कडक शिक्षा असणारी परीक्षा दुसरी कोणती? शिवाय असे विमान भाड्याने देऊन पैसे मिळविण्याची मुभा नाही. हौस ज्याची, जोखीमही मुख्यतः त्याचीच.

मुंबईकरांस हा प्रश्न परका वाटू नये. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी ते 2016 साली प्रदर्शनात मांडले. नोंदणी मिळावयास 2017 उजाडले आणि उड्डाणाची परवानगी हाती पडली ती 2019 मध्ये. आपल्याकडील ही दिरंगाई ज्याने पाहिली, त्याला अमेरिकेच्या औदार्याचा हेवाच वाटेल.

परंतु या औदार्यात एक भोक आहे. स्वतःच्या हाताने निम्म्याहून अधिक विमान बांधणाऱ्या हौशी कारागिरालाही तेथे तपासणीचा अधिकार मिळतो. पण विमान विकले की तो अधिकार खरेदीदाराकडे जात नाही. हे योग्यच आहे. ज्ञान हातात असते, खरेदीखतात नसते. उलट क्रीडा-विमानाच्या वर्गात ज्याने एक खिळाही ठोकला नाही असा खरेदीदार सोळा तासांत तपासनीस होतो. कारखान्यात तयार झालेले विमानदेखील अर्ज करून ‘प्रायोगिक’ वर्गात आणता येते, आणि त्याबरोबर तोच अधिकार पदरात पडतो.

विमान लहान होते तोवर हे खपून गेले. 22 जुलै 2025 रोजी जाहीर झालेल्या नव्या नियमांनी मात्र या वर्गाची वजनमर्यादाच काढून टाकली, आसने चारपर्यंत नेली आणि वेगाची सीमा 120 नॉटवरून 250 नॉटवर आणली. विमानांसंबंधीच्या या भागाच्या अंमलासाठी 24 जुलै 2026 ही तारीख मुक्रर झाली. म्हणजे मालकाखेरीज आणखी तिघे! त्यांनी सोळा तासांचा वर्ग केलेला नाही, आणि नोंदवही उघडून पाहण्याचे त्यांस सुचणारही नाही.

मालकाचा अधिकार काढून घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. दोनांहून अधिक आसनांच्या विमानाला शिक्षणाचे तास वाढवावेत, आणि दर तीन वर्षांनी एकदा तरी परक्या, पूर्ण अर्हतेच्या यंत्रज्ञाची नजर त्यावरून फिरावी, एवढेच आम्ही सुचवितो. अशा विमानाच्या प्रवेशद्वाराजवळ ‘प्रायोगिक’ हा शब्द रंगविणे आज सक्तीचे आहेच. गेल्या तपासणीवर सही मालकाची की यंत्रज्ञाची, हेही त्याच्याच खाली लिहावयास लावावे.