थर्माकोलचा देखावा आणि आपली जबाबदारी

आपले दोंडाईचा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांनी थर्माकोलचे स्टेशन, डोंगर, बोगदा करावा यात नवल नाही. मंडपाची सजावट करणारे आपले कारागीर बांधवही हाच माल वापरत आले. तो हलका, स्वस्त आणि कापायला सोपा. पण त्याची दुसरी बाजूही ओळखावी.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन. तापलेल्या तारेने कापताना निघणाऱ्या धुरात स्टायरिन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली त्याला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' ठरवले. बंद खोलीत, मुले जवळ बसवून हे काम करणे नादानी आहे. धारदार सुरीने कापावे आणि फेव्हिकॉलने चिकटवावे. पेट्रोल-थिनरने तो विरघळतो.

आगीचे भय त्याहून मोठे. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वेल्डिंगच्या कामातून छतातील पॉलिस्टायरिन पेटले आणि १७ जणांचा बळी गेला. मी कापडाचा व्यापारी. ताग्यांशेजारी थर्माकोल ठेवू देत नाही.

शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. राज्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. गरीब कारागिराची हंगामाची कमाई त्यातच जाईल.

पुठ्ठा, बांबू, चिंध्या आणि खळ यांतूनही डोंगर उभा राहतो. मेहनत जास्त लागेल, हे खरे. पण रोजी हलाल हवी, तशी जिवाला बिनधोकही हवी. गिऱ्हाइकाला हे पटवणे आपलेच काम आहे.