शेवटच्या ओळीतला धक्का

विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात परवा आम्ही मुलांना एक कथा वाचून दाखवली. फ्रेंच लेखक मोपासाँ यांची ‘नेकलेस’, १८८४ सालची. एका कारकुनाची बायको मेजवानीसाठी श्रीमंत मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार उसना आणते. तो हरवतो. नवरा-बायको मैत्रिणीला न सांगता ३६,००० फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करतात. वडिलांकडून आलेले १८,००० नवऱ्याजवळ होते, बाकी सगळे कर्ज. ते फेडण्यात १० वर्षे जातात, बाईचे रूप जाते. शेवटी मैत्रीण रस्त्यात भेटते आणि कळते की तो हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा!

वर्गात क्षणभर कोणी बोलेना. आम्ही म्हटले, आता पहिल्यापासून पुन्हा वाचा. मग मुलांनीच खुणा शोधल्या. मैत्रिणीने हार देताना जरासुद्धा का कू केले नाही. डबीवर ज्या सराफाचे नाव, तो म्हणाला, मी फक्त डबी विकली. परत घेताना मैत्रिणीने डबी उघडूनही पाहिली नाही. म्हणजे चांगल्या कथेतला धक्का आयत्या वेळी आणलेला नसतो, आधीपासून पेरलेला असतो.

दहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, तिने त्याच दिवशी खरे सांगितले असते तर?” आम्ही कारकून माणूस, लगेच हिशेब मांडला : ५०० फ्रँकांत भागले असते. लाजेपोटी लपवले, त्याची किंमत १० वर्षे.

पण लपवणे सगळीकडे सारखे नसते. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातल्या याच नावाच्या कथेत गुपित शीर्षकातच फोडलेले आहे. वाचकापासून काही लपवलेले नाही, तरी पहिल्या पानापासून धास्ती वाटते. त्या बाईला खरे बोलून सुटता आले असते. बागूलांच्या तरुणाला मार बसतो तो खरे उघड झाले म्हणून. तिथे लाज त्याने नव्हे, मारणाऱ्यांनी बाळगायची.

वर्ग सुटल्यावर एक कॉलेजचा मुलगा मागे थांबला. शहरात खोली शोधताना त्याने आडनाव बदलून सांगितले होते. आम्ही त्याला उपदेश केला नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “सर, पुढच्या रविवारी बागूलांची कथा मी वाचतो.”

वाचकांनीही आपल्या मुलांना घेऊन यावे. जयभीम!