किनारा कोणाच्या मुलांचा?

कॅरिबियन बेटांवर लहान मुलांना घेऊन सुटी घालविणाऱ्या सधन कुटुंबांसाठी जी आलिशान रिसॉर्टे उभी राहिली आहेत, तेथे खोल्या विकल्या जातात असे म्हणणे अपुरे आहे. तेथे विकली जाते ती निश्चिंती. विमानतळावर न्यायला येणारी गाडी, दिवसभराचे खाणेपिणे, मुलांसाठी उथळ तलाव आणि पाण्याच्या घसरगुंड्या, तान्ह्या बाळासाठी पाळणा, आईबाप पोहायला वा जेवायला गेले असता मूल सांभाळणारी आया, या साऱ्यांचे दाम न्यूयॉर्क, टोरांटो किंवा लंडन सोडण्यापूर्वीच एकरकमी चुकते झालेले असतात. एकदा फाटकाच्या आत पाऊल पडले की आठवडाभर पाकिटाला हात लावावा लागत नाही आणि फाटकाबाहेर पाऊलही टाकावे लागत नाही. यातील दुसरी गोष्ट पहिलीइतकीच विक्रीचा भाग आहे.

सुटीवर जाणाऱ्या आईबापांकडे पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही. समाजवाद्यांना तर मुळीच नाही. पगारी सुटी ही भांडवलदारांनी दिलेली भेट नव्हे. फ्रान्समध्ये १९३६ च्या लोकआघाडी सरकारच्या काळात कामगारांनी संप करून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळविली आणि त्या उन्हाळ्यात हजारो श्रमिकांच्या मुलांनी प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेचा ठराव संमत केला. मुलाला समुद्र दाखवावा ही इच्छा निर्मळ आहे. आपल्या चळवळीत अधूनमधून डोके वर काढणारा आनंदाविषयीचा संशय येथे कामाचा नाही. प्रश्न एवढाच की, त्या मुलाच्या आनंदाची किंमत नेमकी कोण मोजतो?

जमेकाचे उदाहरण घ्यावे. सुमारे २८ लाख वस्तीच्या या देशात २०२४ साली, जहाजांवरून उतरणारे धरून, ४० लाखांहून अधिक पर्यटक आले. 'सारे काही एकाच रकमेत' ही कल्पना युरोपातील. १९५० साली स्थापन झालेल्या क्लब मेदने ती रूढ केली. जमेकात तिने मूळ धरले ते सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात. मायकेल मॅन्ली यांचे सरकार तेव्हा सत्तेवर होते. त्याने १९७५ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन आणले, १९७९ मध्ये प्रसूतिरजेचा कायदा केला. बारा आठवडे रजा, त्यातील आठ पगारी. त्याच वर्षांत राजकीय हिंसाचाराच्या बातम्यांनी पर्यटक बिचकू लागले आणि हॉटेलांनी आपले जग भिंतीआड नेले. एकीकडे श्रमिक आईला कायद्याने बाळाजवळ राहण्याचा अवकाश मिळत होता आणि दुसरीकडे असा उद्योग आकार घेत होता, ज्यात पुढे तिला परक्या बाळाजवळ राहण्याचे काम मिळणार होते. १९८१ साली माँटेगो बे येथे सुरू झालेल्या सँडल्स समूहाने केवळ जोडप्यांसाठी रिसॉर्टे काढली आणि १९९७ मध्ये मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी 'बीचेस' हे निराळे नाव बाजारात आणले. या समूहाचा संस्थापक जमेकाचाच होता, हेही सांगितले पाहिजे. भांडवल देशी की परदेशी एवढ्याच प्रश्नावर थांबणाऱ्यांना येथे उत्तर सापडणार नाही.

जमेकाचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बेकफर्ड यांनी १९७२ साली मळ्यांच्या अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. उसाचा मळा भरभराटीत असतानाही त्याच्याभोवतीचे दारिद्र्य का हटत नाही, हे त्यांनी दाखविले. भांडवल, यंत्रे, व्यवस्थापन, बाजारपेठ सारे बाहेरचे. जमीन आणि मजूर तेवढे स्थानिक. या चौकटीत उसाच्या जागी पर्यटक ठेवून पाहावा. माँटेगो बेजवळच्या रोझ हॉल या जुन्या गुलामांच्या मळ्याच्या जमिनीवर आज हॉटेले आणि गोल्फची मैदाने आहेत. उपमा शोधायला दूर जावे लागत नाही. विमान परदेशी, आरक्षण परदेशात, अन्नाचा मोठा भाग आयात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने उद्धृत केलेल्या एका अंदाजानुसार पर्यटकाने खर्च केलेल्या १०० डॉलरपैकी ८० डॉलर कॅरिबियन देशांतून पुन्हा बाहेर जातात. भारतासाठी हाच आकडा ४० दिला जातो. असे अंदाज काढण्याच्या पद्धतींवर मतभेद आहेत, आणि देशोदेशी प्रमाण वेगळे पडते. तथापि गळतीची दिशा वादातीत आहे.

मुलांच्या पेल्यातील दुधापुरते बोलावयाचे, तर कथा अधिक बोलकी होते. जमेकाचे शास्त्रज्ञ टी. पी. लेकी यांनी अनेक वर्षे खपून उष्ण हवामानात भरपूर दूध देणारी गाय सिद्ध केली. 'जमेका होप' या नावाने ती १९५२ साली मान्यता पावली. तिच्यात जर्सीबरोबर आपल्याकडील साहिवालचेही रक्त आहे. अशा गायींवर तेथील दुग्धव्यवसाय उभा राहिला. मग कर्जाच्या अटी आल्या, १९९२ मध्ये आयातीवरील बंधने सैल झाली, श्रीमंत देशांनी अनुदान देऊन स्वस्त केलेली दूधभुकटी बाजारात उतरली आणि शेतकऱ्यांवर दूध ओतून देण्याची पाळी आली. पुढील वर्षांत दुधाचे उत्पादन निम्म्याहून खाली घसरले. एवढे पर्यटक दारात आणि त्यांच्या मुलांना पाजण्याचे दूध बाहेरून, हा पराक्रम खुल्या व्यापाराचा आहे.

दुधापेक्षाही महाग असावयास हवी ती आयेची माया. ती स्वस्त का, याचे उत्तर कॅरिबियनमध्येच जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने देऊन ठेवले आहे. सेंट लुशियाचे आर्थर लुइस यांना १९७९ चे नोबेल मिळाले. श्रमाचा पुरवठा अमर्याद असेल तोवर उद्योग वाढला तरी मजुरी वर सरकत नाही, हे त्यांनी १९५४ साली मांडले. आणि त्या अमर्याद पुरवठ्यात घरकाम करणारे नोकर व घरातल्या बायका-मुली यांची गणना त्यांनी आवर्जून केली होती. रिसॉर्टमधील आया याच राखीव फौजेतून येते. तिच्या हातातील मूल झोपेपर्यंत तिची पाळी संपत नाही. तिचे स्वतःचे मूल त्या वेळी आजीकडे वा शेजारणीकडे असते. ज्या स्त्रिया आणखी पुढे, थेट न्यूयॉर्क वा टोरांटोला मुले सांभाळायला जातात, त्या घरी पिंपे भरून कपडे, खाऊ, वह्या पाठवितात. मागे राहिलेल्या अशा मुलांना 'पिंपवाली मुले' हे नाव पडले. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राऊन यांनी नव्वदीच्या दशकात त्यांच्यावर अभ्यास करून हे नाव सर्वांच्या तोंडी केले. पिंपात सर्व काही मावते, आई मावत नाही.

ही फौज मुकी आहे असे मात्र कोणी समजू नये. १९३८ साली वेस्टमोरलंडमधील फ्रोम येथे साखर कामगारांनी केलेल्या उठावातून जमेकाच्या कामगार संघटना आणि राजकीय पक्ष जन्मले. २०२४ च्या अखेरीस उत्तर किनाऱ्यावरील एकामागून एका हॉटेलात कामगार काम थांबवून बाहेर आले. तुटपुंजा पगार, मुदतीची कंत्राटे आणि कामाची परिस्थिती या तक्रारी तशा जुन्याच. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर २०२५ रोजी, मेलिसा हे अतितीव्र चक्रीवादळ त्याच वेस्टमोरलंडच्या किनाऱ्यावर आदळले. ८८० कोटी डॉलरचे नुकसान झाले. आदल्या वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४१ टक्के. पर्यटन १५ डिसेंबरपर्यंत पूर्वपदावर आणण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. परकीय चलनाची निकड पाहता ते समजण्यासारखे होते. ज्यांच्या घरांवर छप्पर उरले नव्हते त्यांच्यासाठी अशी तारीख ठरविणे मात्र कोणाला सुचले नाही.

आता खुद्द किनाऱ्याविषयी. दोन वर्षांच्या मुलाला वाळू, पाणी आणि सावली पुरते. निसर्गाने ती फुकट दिली आहेत. जमेकात त्यावर १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याचा पहारा आहे. ब्रिटिश अमदानीतील या कायद्याने भरती-ओहोटीमधला पट्टा आणि समुद्राचा तळ राजसत्तेच्या मालकीचा ठरविला. जनतेला किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क ठेवला नाही. परवाना देण्याचा अधिकार मात्र सरकारकडे ठेवला. १९६२ मध्ये स्वातंत्र्य आले, कायदा तसाच राहिला. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांना या कायद्याची भाषा ओळखीची वाटली असती. परिणाम असा की, किनाऱ्यालगतच्या गावातले मूल बापाने जेथे जाळे ओढले, आजीने जेथे अंघोळ घातली, त्या वाळूवर जाऊ लागले तर मध्ये कुंपण आणि रखवालदार. आतले मूल किल्ला बांधते. बाहेरचे मूल तारेतून पाहते, आणि मोठेपणी त्याच फाटकातून आत जाण्यासाठी त्याला गणवेश लागतो.

२०२१ पासून जमेकात किनाऱ्यावरील जन्मसिद्ध हक्काची चळवळ उभी राहिली आहे. तिने न्यायालयात जे शस्त्र उपसले तेही वसाहतकाळातलेच. १८८२ च्या एका कायद्यानुसार लोकांनी एखादा किनारा वीस वर्षे अखंड वापरला असेल तर त्यांचा हक्क सिद्ध होतो. गावोगावचे कोळी आणि म्हातारी माणसे आता आपल्या आठवणी पुरावा म्हणून मांडीत आहेत. आपल्याकडे गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट एका हॉटेलाने अडविली तेव्हा २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, समुद्रकिनारा ही जनतेची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, या तत्त्वावर वाट लोकांना खुली करण्याचा निर्णय दिला. हा निर्णय कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पुळणींवर जे आराखडे येत आहेत, त्यांतही माहितीपत्रकावर हसरे मूल असणारच.

किनारा खुला केला तर गुंतवणूक निघून जाईल, असा धाक जमेकाच्या लोकांना घातला जातो. कोकणातही तो घातला जाईल. जमेकाच्याच कॅरिबियन भावंडांत बार्बाडोस आहे. तेथे भरतीच्या रेषेपर्यंतची सारी वाळू सार्वजनिक आहे. नव्या बांधकामांमुळे तिकडे जाणाऱ्या वाटा आक्रसत आहेत हे खरे, आणि त्यावरून तेथील लोक भांडतही आहेत. पण अतिमहागड्या हॉटेलांसमोरून गावातली मुले आजही पोहायला जातात. ती हॉटेले बार्बाडोस सोडून गेलेली नाहीत.